सैल दोरी

माहूरला दत्तशिखर चढून जाणारा माणूस ज्या देवाला भेटायला निघालेला असतो, त्याच्या पायाशी चार कुत्री असतात. तीन मुखं, सहा हात, मागे गाय आणि पुढ्यात कुत्री हे रूप रविवर्मा छापखान्यासारख्या छापखान्यांच्या तसबिरींतून मराठी घरांच्या भिंतींवर आलं आणि तिथेच राहिलं. चार कुत्री म्हणजे चार वेद, असं प्रवचनात सांगतात. मी त्या तसबिरीकडे बघते तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसते. एकाही कुत्र्याच्या गळ्यात दोरी नाही, तरी एकही कुत्रं दत्ताला सोडून गेलेलं नाही. चित्रकार बदलला, रंग बदलले, तरी कुत्री पावलांना धरून असतात. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला निद्रा असा ज्याचा रोजचा फेरा सांगतात, त्या फिरत्या देवाबरोबर राहायचं तर चालण्याची जोडी जमवावीच लागणार.

कुत्र्याला सांगितल्याबरोबर बसायला शिकवणं आणि दोरीला ताण न देता माणसाच्या पायाशी चालायला शिकवणं, हा या लेखाचा विषय आहे. पोलिसांच्या श्वान पथकांत आणि शहरांतल्या प्रशिक्षण वर्गांत या धड्यांना 'सिट' आणि 'हील' म्हणतात. ही बंगलेवाल्यांची हौस, असा आपल्याकडे समज आहे. तो मला मान्य नाही. जिथे रस्त्याला फूटपाथ नाही, दारोदारी शेळ्या बांधलेल्या आहेत आणि गावाची शेवटची घरं संपली की रान सुरू होतं, तिथे या दोन धड्यांची गरज पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे. आणि आपली मराठवाड्यातली कुत्री, गावठी असोत की कारवानी या शिकारी वाणाची, हे धडे चांगले शिकतात. शिकवायची रीत तेवढी त्यांच्या जातकुळीला मानवणारी हवी.

माहूरचा मुलूख डोळ्यांपुढे आणला की हे लक्षात येईल. रेणुकामाता, दत्तात्रेय आणि अनसूयामाता यांची शिखरं, रामगडाची तटबंदी, दऱ्यांमध्ये सागाचं रान आणि खालून वळसे घेत जाणारी पैनगंगा. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. पैनगंगेच्या आसऱ्याने अभयारण्य आहे. रानाच्या कडेकडेने बंजाऱ्यांचे तांडे आहेत, गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या आहेत. घरटी एखादं कुत्रं असतंच आणि ते बहुधा मोकळं असतं. रात्री ते राखण करतं, दिवसा गुराख्यामागून रानात जातं. रानात गेलं की सशामागे पळतं, चितळाच्या पाडसामागे पळतं. पळणाऱ्यामागे पळायचं ही त्याची हजारो वर्षांची शिकवण आहे. पण रानाला ती परवडत नाही. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात अबी तमीम वनक या वन्यजीव अभ्यासकाने माळावरची खोकडं आणि गावातली कुत्री यांचा अभ्यास केला. जवळपास कुत्रं असलं की खोकड समोरचं खाणं टाकून दूर राहतं, असं त्यात दिसलं. कुत्र्याने चावा न घेताही माळावरचा एक जीव उपाशी राहू शकतो. त्यात आजारांची भर. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपरच्या विषाणूने मृत्यू झाले. हा विषाणू कुत्र्यांमध्ये सर्रास असतो, आणि त्यावर लस आहे.

माहूरचं या विषयाशी आणखी एक जुनं नातं आहे. महानुभाव पंथाच्या गुरुपरंपरेत श्रीदत्तात्रेयप्रभूंनी चांगदेव राऊळांना माहूरलाच दर्शन दिलं. वाघाच्या रूपात येऊन त्यांनी राऊळांच्या मस्तकावर पंजा ठेवला, अशी ती कथा आहे. त्याच परंपरेतल्या चक्रधरस्वामींची एक लीळा 'लीळाचरित्रा'त आहे. पारध्यांनी कुत्री सोडलेली असतात, ससा जिवाच्या आकांताने पळत येतो आणि झाडाखाली बसलेल्या स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी ससा मागतात. शरण आलेला जीव सोडता येत नाही, असं स्वामी सांगतात आणि पारध्यांचं मन वळतं. तेराव्या शतकातल्या मराठी गद्यात सशामागे सोडलेली कुत्री आहेत, म्हणजे दख्खनमध्ये कुत्र्याने ससा धरायचा खेळ किती जुना असेल! ती कुत्री कोणत्या वाणाची होती हे लीळा सांगत नाही. पण आजही या प्रदेशात सशाच्या वेगाने धावणारं कुत्रं म्हटलं की एकच नाव येतं, कारवानी.

कारवानी म्हणजे लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय आणि अंगावर चरबीचा पत्ता नाही. वासावर काम करणारी कुत्री नाकाने जग वाचतात. कारवानी डोळ्यांनी वाचतं. दूरच्या माळावर काही हललं की मान ताठ होते, कान मागे जातात, आणि पुढच्या क्षणी ते तिथे नसतं. त्याचंच कान-शेपटीला झुपकेदार केस असलेलं रूप म्हणजे पश्मी. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हा वाण जोपासला. राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडला जाऊन पंचम जॉर्जला या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि तिकडे त्यांना 'मुधोळ हाउंड' म्हणू लागले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होतं. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी गेली.

नांदेड जिल्ह्यात या वाणाचा मोठा दरबार भरतो तो लोहा तालुक्यातल्या माळेगावला. मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी बैल, आणि कुत्रीही. जिल्हा परिषदेच्या वतीने अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन असतं. खंडोबाही कुत्र्याचा देव, त्याच्या घोड्याच्या पायाशी कुत्रं असतंच. अशा बाजारात कारवानी पाहिलं की त्याच्या उभं राहण्यावर नजर ठरते. चार पायांवर तोललेलं, थोडं अलिप्त, मालकाच्या बाजूला पण मालकाकडे न बघता. सुतळीने बांधलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपलेली असतात, आणि गिऱ्हाईक त्यांचे पाय, पंजे, छाती चाचपतं. विचारणा होते ती धावण्याची, राखणीची. हे पिल्लू हाक मारल्यावर येईल का, दोरीवर नीट चालेल का, असं विचारणारा माणूस विरळा.

त्याचं एक कारण असं, की कारवानीला शिकवता येत नाही ही समजूत पक्की बसली आहे. जर्मन शेफर्ड चार दिवसांत बसायला शिकतं, लॅब्रॉडॉर तर बिस्किटासाठी काहीही करतं, आणि आपलं देशी कुत्रं तोंड फिरवून उभं राहतं, म्हणजे ते मठ्ठ किंवा हट्टी. गावठीच्या बाबतीत तर कुणी प्रयत्नच करत नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण सांगून विषय संपवतात. शेपटीबद्दल ती म्हण खरी असेल. कुत्र्याच्या डोक्याबद्दल कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्याच कुत्र्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे. एका अभ्यासात त्यांनी दोन झाकलेली भांडी ठेवली आणि अनोळखी माणसाने एकाकडे बोट दाखवलं. निम्म्याच्या आसपास कुत्री भीतीने जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोटाचा इशारा बरोबर ओळखला. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाऊपेक्षा अंगावरून फिरलेला हात जास्त उपयोगी पडतो. ज्याला जन्मभर 'हाड' ऐकायची सवय, त्याला तो हात मोलाचा वाटत असणार.

जवळ न आलेली ती निम्मी कुत्री मला फार महत्त्वाची वाटतात. त्यांना समजत नव्हतं असं म्हणायला काहीही आधार नाही. त्यांना भीती वाटत होती. आपण ज्याला मठ्ठपणा म्हणतो त्यातला मोठा भाग भीतीचा असतो, आणि ती भीती आपण, माणसांनी, घातलेली असते.

शिकवण्याच्या जुन्या रीतीतही भीतीचा वाटा मोठा होता. १९१० मध्ये जर्मनीत कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने कुत्र्याच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. पुढे जगभरच्या पोलीस आणि लष्करी पथकांवर त्याचा प्रभाव राहिला. कुत्रं कसं शिकतं याची मोस्टची जाण खोल होती, पण गळ्याला हिसका आणि जबरदस्ती हे त्याच्या पद्धतीचे आधार होते. गळा आवळणारी साखळी त्याच वाटेने घराघरांत आली. दुसरी वाट प्रयोगशाळेतून आली. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला. जनावराने हवी ती हालचाल करताच त्याच क्षणी खूण द्या आणि मागून खाऊ द्या, एवढ्यावर कुत्र्याला बरंच काही शिकवता येतं, असं त्यात होतं. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ च्या पुस्तकातून हाच विचार कुत्रेवाल्यांपर्यंत नेला. पाण्यातल्या डॉल्फिनच्या गळ्याला हिसका देता येत नाही, त्यामुळे त्या लोकांना चांगली रीत शोधावीच लागली. २०२० मध्ये पोर्तुगालच्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिसके आणि शिक्षा वापरणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत प्रशिक्षणानंतर ताणाचं संप्रेरक अधिक वाढलेलं होतं, आणि वर्गाबाहेरही ती कुत्री जास्त निराश वागत होती.

पोलीस पथकातलं कुत्रं बघितलं की लोक त्याच्या नाकाचं कौतुक करतात. मुंबई पोलिसांचं श्वान पथक १९५९ मध्ये तीन डॉबरमनांवर सुरू झालं. पुढे पुण्याच्या शिवाजीनगरमधल्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात तयार झालेला 'झंजीर' महाराष्ट्राला माहीत झाला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या शोधात त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब नोंदले गेले. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा त्याला मानाने निरोप दिला गेला. पण नाकाचं काम सुरू होण्याआधी प्रत्येक अशा कुत्र्याला बसणं, थांबणं, पायाशी चालणं यायला लागतं. स्फोटकं सापडल्यावर त्याने तिथे शांत बसून खूण करायची असते. उडी मारून किंवा पंजाने उकरून खूण केली तर काय होईल, हे सांगायला नको. हजारो जीव वाचवणाऱ्या त्या कामाच्या टोकाला एक साधं 'बसणं' आहे.

आता ते घरी कसं शिकवायचं ते सांगते.

माझ्या घरी ढवळी नावाची गावठी कुत्री आहे, तिच्यावरूनच सांगते. खाऊचा बारीक तुकडा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, चिमटीत धरायचा. उकडलेली अंडी, कोंबडीची काळीज-कलेजी, पनीर, नाहीतर तूप लावलेल्या ज्वारीच्या भाकरीचा कुटका, जे कुत्र्याला मनापासून आवडतं ते. चिमूट तिच्या नाकाशी आणायची आणि नाकावरून सावकाश मागे, कपाळाच्या वर न्यायची. तोंड वर गेलं की कुत्र्याचं बूड आपोआप खाली जातं, ही शरीराची रचनाच आहे. हात फार उंच नेला तर ती उडी मारेल, म्हणून तो डोक्यालगत ठेवायचा. बूड जमिनीला टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणायचं आणि चिमूट सोडायची. सगळी विद्या या क्षणात आहे. दोन सेकंद उशीर झाला तर तोवर ती उठलेली असते, आणि शाबासकी उठण्याला मिळते.

ढुंगणावर हात दाबून बसवायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळायचा. दाबलं की कुत्रं उलट ताठ होतं, आणि त्याला कळतं एवढंच की हा माणूस आपल्याला ढकलतो. हाताच्या खुणेवर ती चार-सहा वेळा बसली की हात रिकामा ठेवून तीच खूण करायची आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यायचा, नाहीतर खाऊ दिसल्याशिवाय बसायचं नाही अशी सवय लागते. मग खुणेच्या आधी 'बस' म्हणायचं. शब्द सगळ्यात शेवटी येतो. बहुतेक घरांत उलट होतं. पहिल्या दिवसापासून 'बस, बस, अगं बस की' असा घोष सुरू होतो आणि कुत्र्याच्या लेखी तो शब्द घरातल्या इतर आवाजांतला एक होऊन जातो. आणि घरात एकच शब्द ठरवायचा. आजी 'खाली बस' म्हणते, नातू 'सिट' म्हणतो, बाप नुसतं बोट दाखवतो. मग त्या जिवाने कुणाचं ऐकायचं? धडा पाच मिनिटांचा, जेवणाआधीचा, आणि जमलेलं असताना थांबवलेला असावा.

कारवानी-पश्मीच्या बाबतीत इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या मांड्या पिळदार, अंगावर गादी नाही, कातडी पातळ. फरशीवर बूड टेकून बसणं त्यांतल्या अनेकांना सुखाचं नसतं. असं कुत्रं बसायला कां-कूं करतं तेव्हा त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याच्याखाली गोणपाट टाकून बघावं. तरीही नको वाटलं तर त्याला आडवं व्हायला, नाहीतर जागेवर उभं राहून थांबायला शिकवावं. आपल्याला हवा असतो तो त्याचा थांबलेला पाय.

घरात बसणारं कुत्रं अंगणात बसेलच असं नाही, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. कुत्र्याला शिकलेली गोष्ट जागेसकट लक्षात राहते. स्वयंपाकघरातलं 'बस' आणि एस.टी. स्टँडसमोरचं 'बस' हे त्याच्यासाठी वेगळे धडे आहेत. प्रत्येक नव्या जागी थोडं मागे येऊन, पुन्हा खाऊ दाखवून सुरुवात करावी लागते. अंगण, मग गल्ली, मग दुकानाच्या समोरचा कोपरा, मग बाजाराचा दिवस. ढवळीला रेणुकामातेच्या पायऱ्यांखालच्या दुकानांसमोर बसवणं हा मोठा पल्ला होता. तिथे माकडं आहेत, नारळाची करवंटी आहे, लहान मुलांच्या हातातले पुडे आहेत. जिथे कुत्र्याचा तोल सुटतो त्याच्या दहा पावलं अलीकडे थांबायचं आणि तिथे शिकवायचं. प्रसादाबद्दल एक इशारा. माहूरच्या देवीचा तांबूल आपल्यासाठी आहे, कुत्र्याला सुपारी-चुना देऊ नये. बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, म्हणून शिऱ्याचा किंवा सुक्या मेव्याचा प्रसाद त्याच्यापुढे ठेवू नये. कांदाही नको.

दोरीवर चालणं हा बसण्यापेक्षा कठीण धडा आहे, कारण त्यात माणसालाही शिकावं लागतं. माणूस आणि कुत्रा यांची चाल मुळात जुळत नाही. आपण सरळ, संथ आणि एका कामाला निघालेलो असतो. कुत्रं दुडक्या चालीने, नागमोडी, प्रत्येक खांबाशी चौकशी करत जातं. त्याच्या दृष्टीने आपण फार हळू चालतो. त्यात दोरी ताणली की कुत्रं विरुद्ध दिशेने जोर लावतं. आपण ओढतो म्हणून ते ओढतं, आणि ते ओढतं म्हणून आपण. नांदेडच्या रस्त्यावर काय आणि न्यूयॉर्कच्या काय, सकाळी हेच दृश्य दिसतं.

सुरुवात दोरीशिवाय करावी, भिंत असलेल्या अंगणात. खाऊ खिशात घेऊन चालायचं. कुत्रं आपण होऊन मांडीशेजारी आलं की 'शाब्बास', आणि खाऊ मांडीच्या शिवणीला हात लावून तिथेच द्यायचा. पुढे हात करून दिला तर ते पुढे चालायला शिकतं. ही जागा फायद्याची आहे एवढं त्याला कळलं की दोरी लावायची, दीड-दोन मीटरची, सुताची किंवा चामड्याची. ती हातातून खाली झोल घेऊन पुन्हा गळ्यापर्यंत चढलेली दिसली पाहिजे. झोल गेला, दोरी ताठ झाली, की पाऊल थांबवायचं. हिसका नाही, ओरडणं नाही, पुढे जाणंही नाही. कुत्रं मागे वळून बघतं, दोरी सैल होते, त्याच क्षणी 'शाब्बास' आणि चालू. ओढून पुढे जाता येत नाही आणि सैल दोरीने जग खुलं होतं, हे एकदा त्याला समजलं की निम्मं काम झालं. पहिल्या सकाळी गल्लीचं टोकही गाठता येणार नाही. न गाठता घरी यावं. ज्या दिवशी घाई आहे आणि कुत्र्याने ओढलं तरी आपण त्याच्यामागे गेलो, त्या दिवशी ओढणं चालतं असा धडा आपणच दिलेला असतो.

पूर्ण वेळ पायाला चिकटून चालायला लावणं मला क्रूर वाटतं. कुत्र्याचं फिरणं नाकाने असतं. रस्ता ओलांडताना, शेळ्यांजवळून जाताना, म्हातारं माणूस समोरून येताना पायाशी. मोकळा पट्टा आला की 'जा', आणि मग हवं तितकं हुंगू द्यावं. हुंगायला मिळणं हेच पायाशी चालण्याचं बक्षीस होतं, आणि ते खाऊपेक्षा मोठं ठरतं.

कुत्रं डाव्या बाजूला चालवायचं, हा नियम सगळ्या पुस्तकांत आहे. उजव्या हातात बंदूक असायची, म्हणून डावी बाजू, असं त्याचं मूळ सांगतात. आपल्या हातात बंदूक नाही. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात आणि फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी माणसाने उजव्या कडेने, समोरची वाहनं बघत चालावं हे शहाणपणाचं. तसं चाललं तर ट्रक आपल्या डाव्या हाताला येतात, आणि पुस्तकातल्या नियमाने कुत्रंही तिकडेच. माहूरच्या घाटात तर मी कुत्रं उजव्याच हाताला, वाहनांपासून लांब ठेवावं असं सांगेन. स्पर्धा खेळायची असेल त्याने डावी बाजू शिकवावी.

कारवानीचा गळा हाही वेगळा प्रकार आहे. त्याची मान लांब आणि डोकं निमुळतं, बऱ्याचदा मानेहून अरुंद. साधा पट्टा ते मागे सरकून सहज काढतं आणि मग हाका मारत बसावं लागतं. आवळणारी बारीक साखळी घातली तर पातळ कातडीला आणि श्वासनलिकेला इजा होते. म्हणून या कुत्र्यांना रुंद, मऊ पट्टा, ठरावीक मापापर्यंतच घट्ट होणारा, किंवा छातीवरून नीट बसणारा हार्नेस. आणि त्याला शिकवताना नजरेचा अभ्यास आधी. दूर शेळी हलली, त्याने पाहिलं, मान अजून ताठ व्हायची आहे, तेवढ्या फटीत त्याला हाक मारून आपल्याकडे बघायला लावायचं आणि भरभरून द्यायचं. एकदा ते सुटलं की त्याच्या कानापर्यंत काही पोचत नाही. डोळ्यांवर जगणाऱ्या कुत्र्याला डोळ्यांवाटेच धरता येतं. उघड्या माळावर, रानाच्या कडेला, कितीही शिकलेलं असलं तरी कारवानीची दोरी सोडू नये, हे मी ठामपणे सांगते. ससाही कायद्याने संरक्षित आहे.

उन्हाळ्यात मराठवाड्यातला डांबरी रस्ता तळवे पोळवतो. हाताचा पंजा उलटा करून रस्त्यावर टेकवावा. आपल्याला पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावरून नेऊ नये. वैशाखात फिरणं उजाडायच्या आधीच.

दोरीबद्दल कायदाही बोलतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात कुत्र्याचा वेगळा उल्लेख आहे: नेहमी साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मालकाने व्यायाम दिला नाही तर तोही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. गोठ्याच्या खांबाला दोन हातांच्या साखळीने जन्मभर बांधलेलं, म्हणून चिडकं झालेलं आणि चिडकं आहे म्हणून बांधलेलं कुत्रं आपल्या गावागावांत आहे. त्याला चालायला शिकवलं तर ते दिवसातून दोनदा त्या खांबापासून सुटेल.

सध्या कुत्र्यांचा प्रश्न न्यायालयात आणि रस्त्यावर तापलेला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितलं. मग तो आदेश बदलून निर्बीजीकरण आणि लसीकरण करून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, त्यांना मूळ जागी सोडायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतून कुत्री हटवण्याचा आदेश आला. लहान मूल कुत्र्याने फाडलेल्या घरातली माणसं आणि दारावरच्या कुत्र्याला रोज भाकरी घालणारी माणसं एकमेकांवर ओरडत आहेत. मूल गमावलेल्या आईपुढे कुठलाही युक्तिवाद करायची माझी तयारी नाही. मला दिसतं ते एवढंच, की रस्त्यावरच्या कुत्र्यांत भर घालणारी एक धार आपल्या घरांतून निघते. हौसेने आणलेलं पिल्लू वर्षाचं होतं, ओढतं, उड्या मारतं, कुणाचं ऐकत नाही आणि एक दिवस घाटात सोडलं जातं. पहिल्या तीन महिन्यांत त्याला रोज पाच मिनिटं दिली असती तर ते घरात राहिलं असतं. नसबंदी आणि रेबीजची लस याला पर्याय नाहीच, पण हे शिक्षणही त्याच यादीत हवं.

आपल्या परंपरेत कुत्र्याची माया कमी नाही. नरसी हे नामदेवांचं गाव हिंगोली जिल्ह्यात, इथून फार दूर नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव घरोघरी माहीत आहेत. माया आहे, खाऊ घालणं आहे, देवाच्या पायाशी जागा आहे. शिकवणं तेवढं राहून गेलं. कुत्र्याला काही शिकवायचं म्हणजे त्याच्या चालीने चार पावलं चालून बघायचं, त्याला काय दिसतं, काय हुंगावंसं वाटतं, कशाची भीती वाटते हे ओळखायचं. मायेला एवढी जोड द्यायला हवी.

अमेरिकेत १९३३ मध्ये हेलेन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी आपली पूडल कुत्री केवळ शोभेची नाहीत हे दाखवायला आज्ञापालनाची पहिली स्पर्धा भरवली. दोरीवर चालणं, दोरी सोडून चालणं, बसून थांबणं अशा कसोट्या त्यात होत्या. तीन वर्षांनी तिथल्या केनेल क्लबने ती स्पर्धा अधिकृत केली आणि तिथून कुत्र्याकडे पाहण्याची नजर हळूहळू बदलली. माळेगावच्या यात्रेत आपल्याकडे तयार मांडव आहे, तयार प्रेक्षक आहेत, प्रदर्शनाची चालत आलेली रीत आहे. त्याच आवारात एक रिंगण आखावं. लातूर-नांदेडच्या पोरांनी आपली कारवानी, पश्मी आणि गावठी कुत्री घेऊन यावं. सैल दोरीने एक फेरी, मध्ये बांधलेल्या शेळीजवळून जाणं, एकदा बसून किंवा उभं राहून मिनिटभर थांबणं, आणि हिसका दिला की गुण कापायचे. पशुसंवर्धन विभागाचा माणूस शेजारी टेबल टाकून रेबीजची लस टोचेल. पहिल्या वर्षी दहाच कुत्री आली तरी चालतील, फक्त त्यांत निदान पाच गावठी हवीत.